बघू तरी काय होतंय

बारामतीत माणसाला नाव नंतर विचारतात, आधी ॲव्हरेज विचारतात. उसाचं एकरी किती टन निघालं, दुधाला फॅट किती लागली, गाडी लिटरला किती जाते, पोरगं किती टक्क्यांनी पास झालं. नीरा डाव्या कालव्याच्या कडेकडेनं थेट इंदापूर तालुक्यात उतरा, बोलणं आकड्यांतच चालतं. अशा मुलखात एखादा माणूस सकाळपासून खपून एक कागद रंगवतो, दोरीवर वाळत घालतो, उजेडाकडे धरून न्याहाळतो आणि गादीखाली ठेवून देतो. ‘याचं करायचं काय?’ असं विचारलं तर ‘करायचं काय म्हणजे?’ असा उलटा प्रश्न टाकतो. त्याच्याविषयी लोक आवाज उतरवूनच बोलणार. आमच्या कॉलनीत तात्यांचा विषय निघाला की म्हातारी माणसं ‘बाकी तब्येत बरी आहे ना?’ एवढं विचारून घेतात.

तब्येत ठणठणीत आहे. खूळ कागदाचं आहे.

तात्यांची अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. हंगामात पाळीवर उभं राहून रसाचा ब्रिक्स काढायचा, पोल काढायची, रजिस्टरात नोंद करायची. उसाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याच्या पायावर ठरते आणि त्याच्या वरचा एकेक दशांश म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा. त्यामुळे दशांशचिन्हाच्या उजवीकडचे दोन आकडे हाच तात्यांचा संसार होता. खाडाखोड चालायची नाही. चुकलंच तर सरळ एक रेघ आणि बाजूला सही. घरी ‘आमटीत मीठ बरोबर आहे का?’ विचारलं तर ‘किंचित वर आहे, पण लिमिटमध्ये,’ असं म्हणायचे, असं काकी सांगतात. काकींच्या सांगण्यातही घट धरावीच लागते, पण तरी.

हा माणूस रिटायर झाला आणि त्यानं मोजणंच सोडलं. आता रंग अंदाजपंचे, पाणी अंदाजपंचे, वाळवायचा वेळ म्हणजे दोरीवरचे काकींचे कपडे वाळेपर्यंत. वही नाही, नोंद नाही. एखादा कागद असा उतरतो की बघणाऱ्यानं बघतच राहावं. ‘तात्या, हा कसा केलात?’ असं विचारलं की ते प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करतात. ‘निळा होता. मग काहीतरी सांडलं. बहुतेक चहा. परत करायला गेलो तर दुसरंच काहीतरी होईल.’ आणि मग डोळे चमकतात. ‘करून बघू या का? बघू तरी काय होतंय.’

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की काकी आधी मिक्सर उचलून आत नेतात.

अशी माणसं गावोगाव असतात, एकटे तात्याच आहेत असं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही काहीही टाकायला निघालात की ती हात धरतात. औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी, लग्नपत्रिकेवरचा उठावाचा सोनेरी गणपती, कांद्याची साल, खताच्या पोत्याच्या शिवणीचा दोरा, शिंप्याकडची जरीची कातरण, वापरलेली चहाची पावडर. जगात कचरा नावाची वस्तूच नाही, फक्त अजून कागदावर न चिकटवलेल्या वस्तू आहेत, अशी त्यांची समजूत असते. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर तुमच्या तोंडावर नसते. तुमच्या हातातल्या पिशवीवर असते. मी एकदा तात्यांकडे पेढे घेऊन गेलो. पेढे काकींनी ठेवून घेतले, बॉक्सच्या आतला जाळीदार कागद तात्यांनी. कुणाला जास्त आनंद झाला हे सांगायची गरज नाही.

खुळाची सुरुवात रजिस्टरांपासून झाली. पूर्वी कारखान्याची जाडजूड रजिस्टरं बाइंडिंगला जायची आणि येताना पुठ्ठ्यावर लाटालाटांचा मार्बल कागद घालून यायची. नोकरीभर त्या पुठ्ठ्यांच्या आतलं लिहिण्यात गेलं, वरचं बघायला सवड झाली नाही. रिटायर झाल्यावर तात्या एका बाइंडरच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तिथं दोन गोष्टी कळल्या. एक, मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातला की झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत. दुसरी, हल्लीचा मार्बल कागद छापील असतो, पण खरा कागद पाण्यावर रंग तरंगवून करतात. ‘पाण्यावर? रंग?’ एवढ्या दोन शब्दांवर तात्या घरी आले ते तडक काकींची पितळी परात मागायला.

परातीचा हा विधी बघण्यासारखा असतो. तयारी आदल्या रात्रीपासून. मूठभर मेथी भिजत घालायची आणि सकाळी पाणी गाळून घ्यायचं. ते बुळबुळीत निघतं. तसंच हवं असतं, कारण साध्या पाण्यात रंगाचा थेंब एक तर तळाला बसतो, नाही तर फिसकटून जातो. दाट पाणी त्याला वरच्या वर धरून ठेवतं. कागदाला अगोदर तुरटीचं पाणी लावून वाळवलेलं असतं. तुरटी लावली नाही तर नक्षी कागदाला धरत नाही, धुताना मोरीत वाहून जाते. रंगाचा थेंब पाण्यावर नीट पसरावा म्हणून तुर्कस्तानातले कारागीर त्यात बैलाचं पित्त घालतात. तात्यांनी ही माहिती काकींच्या कानावर घालून पाहिली. तेव्हापासून ते रिठ्याचं पाणी घालतात.

मग व्हरांड्यात परात, परातीसमोर पाटावर तात्या. खराट्याच्या काड्यांची जुडी रंगात बुडवून बोटावर आपटायची. पिवळे थेंब पडतात आणि पैशाएवढे पसरतात. त्यांच्या पोटात निळे, निळ्यांच्या पोटात तांबडे. मग एक काडी पाण्याच्या पाठीवरून अलगद ओढायची, सगळी वर्तुळं ताणून निघतात. त्यावर फणी आडवी फिरवायची. फणी काकींच्या सासूबाईंची, शिसवी, उवा काढायची. ती फिरली की पाण्यावर मोरपिसं उठतात. आता कागद. एक कोपरा टेकवायचा आणि उरलेला हळूहळू सोडायचा. खाली हवा कोंडली तर तेवढी जागा कोरी राहते. या वेळी व्हरांड्यात कुणी बोलायचं नसतं. दूधवाला किटली हातात धरून फाटकाशी उभा राहतो, त्याला हे आता पाठ झालंय. तात्या कागद उचलतात, बादलीत बुचकळतात, समोर धरतात. कोरा डाग दिसला तर दूधवालाच आधी हळहळतो. तात्या म्हणतात, ‘असू दे. तेवढी जागा त्यानं स्वतःसाठी ठेवली.’

कागदांची तात्यांनी केलेली वर्गवारी बारामतीच्या माणसालाच कळेल. सुपे-मोरगावकडचा तालुका जिरायती आणि नीरेकाठचा बागायती, तसा कागदही जिरायती आणि बागायती. जिरायती कागद तहानलेला असतो. कितीही रंग पाजा, पितो आणि वर आणखी मागतो. बागायती कागदावर पाणी नुसतं उभं राहतं. आता गंमत अशी की इंदापूर तालुक्यातच, भिगवणजवळ, कागदाचा प्रचंड कारखाना आहे. आधी तो सिनार मास या इंडोनेशियातल्या समूहाचा होता, 2001 साली बिल्टनं घेतला. तिथली ख्याती गुळगुळीत, लेप दिलेल्या छपाईच्या कागदाची. रद्दीवाल्याकडून तसला गठ्ठा मिळाला तेव्हा तात्या हरखून गेले होते. पण त्या कागदाच्या अंगावर पांढऱ्या मातीचा आणि चुनखडीचा घोटलेला लेप असतो. तात्यांचा पातळ रंग त्यावरून ओघळून थेट लेंग्यावर आला. ‘पक्का बागायतदार आहे,’ तात्या म्हणाले. ‘याला आपली गरज नाही.’ पण फेकला मात्र नाही. पुढं त्यावरच खळीत रंग कालवून फासला, मोडक्या कंगव्यानं रेघा ओढल्या, आणि लेपामुळंच त्या रेघा अशा कोरीव उठल्या की तात्यांनी त्या बागायतदाराची मनोमन माफी मागितली.

जिरायती कागदासाठी मात्र पुण्याला जावं लागतं. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 सालची, स्वदेशीच्या वाऱ्यात सुरू झालेली. तात्या सकाळच्या विनाथांबा गाडीनं जातात आणि संध्याकाळी काखेत कागदाची लांब गुंडाळी घेऊन परततात. ती गुंडाळी खिडकीची सीट घेते आणि तात्या कडेला बसतात. एका कंडक्टरनं विचारलं, ‘आजोबा, नकाशा का काय?’ तात्यांनी खुशीत येऊन हडपसर ते जेजुरी त्याला सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद कसा उचलतात ते समजावलं. त्यानंतर त्या गाडीत तात्यांना कुणी काही विचारत नाही.

प्रयोगांच्या हकिकती सांगायला बसलो तर दिवाळी अंक पुरणार नाही. दोनच सांगतो.

ओल्या जलरंगावर खडेमीठ भुरभुरलं की प्रत्येक खडा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, रंग सरकतो आणि वाळल्यावर मीठ झाडलं की कागदावर चांदण्या उरतात. हे तात्यांना जमलं, आणि जमताच त्यांच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. ‘मीठ करतंय तर साखर का नाही करणार? स्फटिक तो स्फटिक.’ एम ग्रेडची साखर पेरली. साखर विरघळून पाक झाला. कागद वाळेचना. रात्री तो तसाच जमिनीवर राहिला आणि सकाळी बघतात तर काळ्या मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून येऊन निळ्या रंगातून शिस्तीत वळण घेत बाहेर गेलेली. काकी खराटा घेऊन आल्या. तात्या दोन्ही हात पसरून आडवे. ‘थांब! त्या रेघ काढतायत!’ मुंग्यांनी खरंच रेघ काढली होती की नाही हा वादाचा मुद्दा आहे. मला त्या कागदावर एक फिकट वाट दिसते. काकींना फक्त डाग दिसतो. तात्यांनी मात्र मागं पेन्सिलीनं ‘सहकारी तत्त्वावर’ असं लिहून ठेवलंय. त्यांनी नोंद केलेला तेवढा एकच कागद.

दुसरी हकिकत व्याह्यांची. ठसे घेण्यासाठी तात्यांनी चायना ग्रास आणि ग्लिसरीन शिजवून ताटात ओतलं, थंड करायला फ्रिजमध्ये ठेवलं. अशा लिबलिबीत वडीवर रोलरनं रंग लावायचा, वर झाडाची पानं मांडायची, कागद दाबून उचलायचा. पानाची शीर न् शीर उतरते. त्या दिवशी निमगाव केतकीचे व्याही अचानक आले. निमगाव म्हणजे खाऊच्या पानांचं गाव, त्यामुळे येताना पानांची चवड घेऊन आले. काकी देवळात गेलेल्या. सूनबाईनं फ्रिज उघडला, पांढुरकं ताट दिसलं, तिनं त्याच्या वड्या पाडल्या, वर वेलची घातली आणि बशीतून दिल्या. व्याह्यांनी एक वडी खाल्ली. ग्लिसरीन मुळातच गोड असतं, त्यामुळे लगेच शंका यायचं कारण नव्हतं. दुसरी तोंडात फिरवत म्हणाले, ‘खरवस झ्याक झालाय. चीक मात्र जरा शिळ्या गाईचा वाटतोय.’

एवढ्यात तात्या रोलर घेऊन आत आले.

ते ओरडले नाहीत. व्याह्यांच्या समोर बसून त्यांनी बशीतल्या उरलेल्या वड्या एकेक करून गोळा केल्या, परत ताटात जुळवल्या, सांध्यांकडे डोकं वाकडं करून बघितलं आणि म्हणाले, ‘पाव्हणं, तुमची पानं द्या जरा.’ जेवणं होईपर्यंत पाव्हण्यांनी आणलेल्या पानांना हिरवा, तांबडा, जांभळा रंग लागून गेला होता. व्याही विड्यावाचून परतले. पण तो कागद सुंदर आहे. पानांच्या शिरांमधून वड्यांच्या सुरीच्या चौकटी आरपार गेल्यात. कुणाला वाटावं मुद्दाम केल्यात.

बाहेर हिंडायला नेलं तरी तऱ्हा तीच. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. कॉलनीतली मंडळी गाडी करून गेली. सगळे देवळासमोर उभे राहून फोटो काढत होते आणि तात्या खाली भेगाळलेल्या पात्रात उकिडवे बसून पाण्याच्या बाटलीत गाळ भरत होते. भिगवणला रोहित पक्षी बघायला नेलं तर दुर्बीण त्यांनी दुसऱ्याला दिली आणि तो पंखाखालचा गुलाबी कशात काय मिसळून निघेल यावर नावाड्याशी चर्चा सुरू केली. पालखीच्या दिवसांत बेलवाडीचं रिंगण झाल्यावर कपाळाला बुक्का लावून घेतात आणि थोडा पुडीत बांधून आणतात. ओल्या खळीवर बुक्का भुरभुरलेला त्यांचा एक कागद आहे. काळा, किंचित चकाकणारा. हातात घेतला की अजून वास येतो.

कुणी फारच टोकलं, ‘तात्या, हे काय पोरखेळ?’ तर मात्र ते कपड्यांच्या कपाटातून इतिहास काढतात. इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता, मालोजीराजांची गढी इंदापुरात आहे, हे इथल्या पोराला ठाऊक असतं. ‘पण त्याच काळात विजापूरच्या आदिलशाहीत काय चाललं होतं?’ तात्या विचारतात. लढाया, असं उत्तर येतं. ‘कागद चालला होता!’ आणि ते खरं आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या चितारींनी पाण्यावरचा हाच अब्री कागद चित्रात वापरला. एक मरतुकडा घोडा आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये; त्याच्या खपाटीला गेलेल्या अंगावर फासळ्यांच्या जोडीला रंगाच्या लाटाच लाटा. ‘तुर्कांची एब्रू 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपली कुठंय? रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर!’ इथं त्यांचा आवाज चढतो. मग कुणी तरी म्हणतं, पण तात्या, बारामतीचा याच्याशी काय संबंध? तेव्हा मोरोपंत येतात. ‘पंत इथंच राहिले ना? 108 रामायणं लिहिली म्हणतात. एक लिहून भागलं नसतं का? रामाची गोष्ट तीच. पण एकदा ओठाला ओठ लागणार नाही अशा अक्षरांत लिहून बघितलं. का? बघू तरी काय होतंय!’

पंतांच्या निरोष्ठ रामायणाचं कारण इतकंच असेल असं मला वाटत नाही. पण तात्यांशी वाद घालून जिंकलेला माणूस कॉलनीत नाही, आणि खरं सांगायचं तर यावर त्यांच्याशी वाद घालावासाही वाटत नाही.

ॲव्हरेजवाल्या मुलखात एवढा माल बिनभावाचा पडून राहणं सूनबाईला बघवलं नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा दरवर्षी पुण्यात भरते. ओळखीच्या एका बचत गटाचा पापड-लोणच्यांचा स्टॉल होता. त्याच्या एका टोकाला तिनं तात्यांचे कागद मांडले आणि घोडचूक ही केली की तात्यांनाही बरोबर नेलं. गिऱ्हाइकानं कागद उचलला की तात्या पुढं. ‘हा नको, याचा कोपरा बिघडलाय.’ दुसरा उचलला. ‘हा उन्हात उडेल.’ तिसरा खरंच झकास होता. तात्या त्याच्यासमोर पाठ करून उभे राहिले ते जेवायच्या सुट्टीपर्यंत. एका बाईंनी चिकाटीनं एक काढलाच आणि म्हणाल्या, ‘अस्से दोनशे लागतील, लग्नाच्या पाकिटांना.’

‘अस्से?’ तात्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा मला सूनबाईनं करून दाखवला आहे. कारखान्यात कुणी न तपासता उतारा लिहून द्या म्हटलं असतं तर जसा झाला असता, तसा. ‘अस्से म्हणजे दोनशे? एकासारखा एक? मग छापूनच घ्या की.’

त्या दिवशी स्टॉलवर पापड सगळे खपले.

पण पाकिटाची कल्पना तात्यांच्या डोक्यात राहिली. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं की घरच्या सगळ्यांचे आहेर आपल्या पाकिटांतून जाणार. कागद कापायचा म्हणजे त्यांना जड जातं. कात्री घेऊन बसतात, कागद फिरवून फिरवून बघतात आणि कात्री ठेवून चहा मागतात. अखेर काकींनी कापले, तात्या तेवढा वेळ चक्कर मारायला बाहेर गेले. भावकीत, शेजारीपाजारी पाकिटं वाटली. एकही दुसऱ्यासारखं नाही. लोक खूश, त्यातल्या काहींनी पाकिटाचा मान राखायचा म्हणून आत ठरवल्यापेक्षा शंभर जास्त घातले.

लग्न इंदापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि आहेराच्या टेबलाशी वही घेऊन बसलेल्या भाच्याच्या शेजारी तात्या खुर्ची ओढून बसले. भाच्यानं पाकीट फोडायला घेतलं की ‘अरे, हळू, फाडू नको, कडेनं उकल’. आतली नोट वहीकडे, पाकीट तात्यांच्या मांडीवर. बाजारी गुलाबी पाकिटं ते हातानं बाजूला सारत होते. जेवायला बोलावणं आलं तर म्हणाले, ‘वाढून ठेवा, नवरदेवाच्या मामाचं यायचंय अजून. मुंग्यांचं आहे ते.’

रात्री हिशेब लागेना. वहीतल्या बेरजेपेक्षा 501 रुपये कमी. भाच्यानं पिशव्या झटकल्या, टेबलाखाली बॅटरी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा फोन. सगळी पाकिटं इस्त्रीला घेतली होती, त्यातल्या मिठाच्या चांदण्यांच्या पाकिटाला एक बाजू फुगीर लागली म्हणून उकलून बघितलं.

‘आत पाचशे एक आहेत,’ तात्या म्हणाले. ‘येऊन घेऊन जा. पाकीट इथंच राहू दे.’